अकरा हजार दोनशे चौदा वाक्यं

तक्रार हसण्यासारखी होती, म्हणून सगळे हसले.

कोल्हापुरातल्या त्या रुग्णालयाच्या 'कानोसा' विभागात दिवसाला पंधरा-वीस तक्रारी यायच्या. कुणाच्या नव्या कानात शिट्टी वाजायची. कुणाला शेजारच्या घरातली भांडणं ऐकू यायची, आणि ती मात्र बंद करू नका अशी विनंतीही सोबत असायची. इचलकरंजीच्या मुरलीधर डाक्यांची तक्रार एका ओळीची होती: 'बायकोचं ऐकू येत नाही. बाकी सगळ्यांचं येतं.'

पहिल्यांदा ती आली तेव्हा कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवली आणि खाली शेरा मारला, 'हा दोष लग्नानंतर सर्वांनाच होतो.' दुसऱ्यांदा आली तेव्हा चहाच्या वेळी पुन्हा वाचली गेली. तिसऱ्यांदा ती तमन्ना शिकलगारच्या पडद्यावर आली. तमन्ना ही विभागातली बिनतारी जोडण्यांची जाणकार. कान आणि पेटी यांचं आपसात बिनसलं की निस्तरायला तिलाच बोलावायचे. तिनं डाक्यांच्या चाचण्यांचे आकडे पाहिले, एकूण एक उत्तम होते. 'यंत्र ठीक आहे, घरी बोलून घ्यावं,' असं लिहून तिनं पुढे एक हसरा चेहरा काढला आणि तक्रार मिटवली.

चौथा कागद तक्रारीचा नव्हता. तो कानोसा कायमचा बंद करण्याचा अर्ज होता. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द होते: 'कान नको.'

कानोसा म्हणजे कानामागे कातडीखाली बसवलेली शेंगदाण्याएवढी चकती. तिच्यातून केसासारखी तार निघते ती थेट ऐकण्याच्या नसेला भिडते. खोल्याखोल्यांतून बसवलेले बारीक माइक आवाज टिपतात, छताजवळची एक पेटी तो साफसूफ करते आणि बिनतारी लाटेवरून चकतीकडे पाठवते. घराबाहेर हेच काम खिशातला फोन करतो. ठार बहिऱ्या माणसाला यातून ऐकू येतं. फक्त एक अट आहे. नस सतत कामात राहावी लागते. महिना-दीड महिना कान बंद राहिला तर नस ऐकणं विसरते, तारेवर मांस चढतं, आणि मग पुन्हा चालू करायचं म्हटलं तरी होत नाही.

मुरलीधर डाक्यांना शुक्रवारी सकाळी अकराची वेळ दिलेली होती. बंद करण्याआधी घरी जाऊन एकदा तपासणी करावी असा नियम होता. तमन्नानं ती स्वतःकडे मागून घेतली. तो हसरा चेहरा तिला आता बोचायला लागला होता.

गुरुवारी सकाळी ती गल्लीत शिरली. या गल्लीत एके काळी माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलायची, कारण दोन्ही अंगांच्या शेडमधून यंत्रमागांचा खडखडाट चोवीस तास चालायचा. आता नवे माग बंद दारांआड हवेच्या झोतावर कापड विणतात आणि आठ शेडवर एकच माणूस पडद्यावरून नजर ठेवतो. गल्ली शांत झाली, तरी जुन्या माणसांची ओरडायची खोड काही गेलेली नाही. डाक्यांचं घर कुठलं म्हणून विचारल्यावर एका आजोबांनी ते गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"मुरलीधर डाके?" तमन्नानं दारातून विचारलं, तर पाय आत पडायच्या आधीच ओ आली.

माणूस एकाहत्तर वर्षांचा, सडपातळ, अंगात बंडी. गल्लीकडे तोंड करून खुर्चीत बसलेला. एकतीस वर्षं माग चालवता चालवता कान गेलेला. तमन्नानं त्यांच्या पाठीमागं उभं राहून हळू आवाजात भाज्यांची नावं घेतली. त्यांनी मेथी, दोडका, पोकळा सगळं बरोबर सांगितलं, आणि पोकळा हल्ली बाजारात मिळत नाही हेही वर सांगितलं. तेवढ्यात त्यांच्या बायको, शालनबाई, चहा घेऊन आल्या. साखर कमी घातली आहे, चालेल का, असं त्यांनी नवऱ्याला मागूनच विचारलं. चालेल, म्हणून मुरलीधरांनी मान न वळवता उत्तर दिलं.

दोष कुठंच नव्हता. तमन्नानं तसं म्हटलं.

"मावशींचं तर छान ऐकू येतंय की, मामा."

मुरलीधरांनी कप खाली ठेवला. "माणसं असली की बोलती ती. माणसं गेली की तोंड मिटती. कान बसवल्यापास्नं असंच चाललंय. त्याच्या आधी बरं हुतं म्हणायची येळ आलीया." मग त्यांनी सरळच सांगून टाकलं. घरात तिचंच येणार नसेल, तर हा कान त्यांना नको. तिचं ऐकू आलं तर ठेवतो, नाहीतर उद्या बंद.

स्वयंपाकघरात शालनबाईंनी हेच गाऱ्हाणं उलट्या बाजूनं मांडलं. लोकांसमोर सगळं ऐकतात, लोक गेले की बहिरे होतात. जन्मभर बहिऱ्या माणसाशी संसार केला त्याचं काही वाटलं नाही, पण आता ऐकू येत असताना ऐकत नाहीत, ते सोसत नाही.

हे आपल्या पेटीतलं दुखणं नव्हे, असं तमन्नानं मनाशी ठरवलं. ती बाहेर कॉटवर येऊन बसली आणि अर्ज भरायला घेतला. अर्ज लांबलचक होता. चार-पाच मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मुरलीधर गल्लीत अंग खाजवत पडलेल्या कुत्र्याकडे बघत होते.

"सकाळची गोळी घेतली का?" आतून आवाज आला.

मुरलीधर गप्प.

"दुपारी आमटी करू का पिठलं?"

काही नाही. मग जरा वेळानं, हळूच, "मी लेकीकडं जाऊन ऱ्हाऊ का मग?"

तमन्नानं मान वर केली. मुद्दाम दुर्लक्ष करणारा माणूस तिनं घरात पाहिलेला होता. तिचे अब्बाच त्यातले उस्ताद होते. अशा माणसाची मान ताठ होते आणि डोळे कुठंतरी खिळतात. मुरलीधरांचं तसं काही नव्हतं. कुत्र्यानं कूस बदलली तसे ते किंचित हसले. त्यांच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं.

ती उठली आणि पेटीशी जाऊन आपली पट्टी जोडली. तिच्या हातातल्या त्या पडद्यावर पेटीच्या मनातलं सगळं दिसायचं.

आता हे कान आणि पेटीचं प्रकरण थोडक्यात असं आहे. चकतीतली बॅटरी ज्वारीच्या दाण्याएवढी. कान सारखा जागा ठेवला तर ती दुपारपर्यंतही पुरायची नाही. म्हणून कान बहुतेक वेळ झोपतो आणि त्याच्या वाटचे शब्द पेटी धरून ठेवते. पेटी सेकंदाला दहा वेळा एक घंटी वाजवते, आवाजाची नव्हे, लाटेची. त्या घंटीतच ती सांगते की कुणासाठी काही आलंय का. कान डोळा किलकिला करतो, आपलं नाव असलं तर उठून शब्द घेतो, नसलं तर पुन्हा झोपतो. आपल्या नावानं एकदा उठला की मिनिटभर जागा राहतो. हे सगळं इतक्या झटपट होतं की ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

पण शब्द दोन जातींचे असतात. एक, खास त्या माणसाला उद्देशून बोललेले. दुसरे, सगळ्यांसाठी, म्हणजे हवेत सोडलेले. गल्लीतला भाजीवाला, कुणाचा फोन, कुकरची शिट्टी. या दुसऱ्या जातीसाठी कानानं सारखं उठू नये, म्हणून गेल्या बदलात कंपनीनं ठरवून दिलं की कान सगळ्यांसाठीचे शब्द घ्यायला मिनिटातून एकदाच उठेल. आणि शिळे शब्द ऐकून माणूस गोंधळतो, म्हणून पेटी असे शब्द दोनच सेकंद धरेल आणि मग टाकून देईल. दोन्ही नियम आपापल्या जागी शहाणपणाचे होते. दोघांची गाठ घालून पाहायला मात्र सगळे विसरले होते.

आणि शब्द खास कुणासाठी आहे हे पेटीला कसं कळायचं? हाकेवरून. कान बसवताना आलेल्या माणसानं घरात विचारून यादी केलेली होती. मुरलीधर, अण्णा, मामा, आबा, डाके. तमन्ना यादीच्या तळाशी आली. तिथे लिहिलं होतं, 'पत्नी: हाक मारत नाही.'

ते अगदी खरं होतं. नवऱ्याचं नाव शालनबाईंनी कधी घेतलेलं नव्हतं, यात गल्लीत काही नवल नव्हतं. 'अहो' म्हणावं तर ते दूधवाल्यालाही म्हणतात, म्हणून पेटी ते सगळ्यांसाठीचं धरायची. पण शालनबाई तेही म्हणत नसत. वीस वर्षं त्यांनी नवऱ्याच्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरल्या होत्या. मागांच्या खडखडाटात हाक मारून उपयोग नसतो. समोर जायचं, बोलायचं, समोरचा माणूस ओठ वाचतो. तीच रीत घरात आली आणि नवऱ्याचे कान गेल्यावर तर पक्की झाली. मग कान बसवताना डॉक्टरांनी बजावलं की दोन महिने ओठांकडे बघायचं नाही, कानाला शिकू द्या. मुरलीधरांनी शहाण्या पोरासारखी खुर्ची गल्लीकडे वळवली. शालनबाईंनी समोर जाणं सोडलं. त्या मागून थेट बोलायला लागायच्या, आमटी करू का पिठलं. ते हवेत जायचं आणि दोन सेकंदांनी केराच्या टोपलीत.

पाहुणा आला की तो आल्याआल्या अण्णा म्हणायचा. कान उठायचा, बोलणं चालू असेतो जागा राहायचा, आणि त्या उघड्या दारातून शालनबाईंचे शब्दही आत यायचे. पाहुणा गेला की दार बंद. रुग्णालयातल्या चाचणीतही डॉक्टर आधी 'हं, मुरलीधर' म्हणायचे.

नक्की काय काय अडतंय ते मोजावं म्हणून तमन्नानं पेटीला तात्पुरतं सांगून ठेवलं: सगळ्यांसाठीचं काही टाकू नको, देऊही नको, नुसतं धरून ठेव. मग तिनं दोघांना समोरासमोर बसवलं आणि दर वाक्याला 'मामा' म्हणत हे सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. तिसऱ्या तक्रारीवरचा शेरा आपण मारला होता तेही सांगितलं, आणि माफी मागितली.

मुरलीधरांना शेऱ्याचं काही पडलेलं नव्हतं. "म्हंजे ती बोलत हुती?"

"बोलत होत्या."

"किती?"

पेटी शब्द साठवत नाही, पण कुठल्या खोलीतले किती टाकले त्याची मोजदाद ठेवते. तमन्नानं पट्टी त्यांच्यापुढे धरली. "सत्तेचाळीस दिवसांत, स्वयंपाकघरातून, अकरा हजार दोनशे चौदा वाक्यं."

मुरलीधरांनी तो आकडा बराच वेळ पाहिला. मग पडद्यावरून एकदा बोट फिरवलं, कापडावरून फिरवावं तसं. कधीमधी एखादा शब्द यायचा म्हणाले, नुसतं 'आमटी', नाहीतर 'गोळी', आणि वाटायचं भास झाला. "मला वाटलं, कान आला आन तिचं बोलणंच सपलं."

शालनबाई दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि तमन्नाला विचारलं की ह्यांनी खरंच काहीच ऐकलं नाही का. एखादा सुटा शब्द सोडला तर काहीच नाही, असं तमन्नानं सांगितल्यावर त्यांना जरा बरंही वाटलेलं दिसलं.

उपाय दोन होते. पहिला सोपा, बोलण्याआधी नाव घ्यायचं. शालनबाईंनी तिच्याकडे अशी नजर टाकली की गल्लीत नाचायला सांगितलं असतं तर बरं. मग नुसतं अण्णा म्हणा, असं तमन्नानं सुचवलं. "नवऱ्याला अण्णा?" असं म्हणून त्यांनी तोही निकालात काढला.

दुसरा उपाय म्हणजे पेटीला शालनबाईंचा आवाजच शिकवायचा. त्या जे बोलतील ते सगळं मुरलीधरांसाठीच, हाक असो वा नसो. पण त्यांचं बोलणं कधी सुरू होईल ते सांगता येत नाही, आणि पहिला शब्द तुटू नये म्हणून त्या घरात असतील तोवर कानाला डोळा मिटता येणार नाही. प्रत्येक घंटीला उठावं लागेल. रात्री दहापर्यंत पुरणारी बॅटरी दिवेलागणीलाच संपेल.

"लावा," मुरलीधर म्हणाले. त्यांनी पुढचं ऐकूनही घेतलं नाही.

आवाज शालनबाईंचा, म्हणून संमती त्यांची हवी होती. तमन्नानं पट्टी पुढे केली. शालनबाईंनी हात पुढे केला नाही. जरा आत या म्हणाल्या.

स्वयंपाकघरात आमटी उकळत होती. त्यांनी आच कमी केली आणि पाठ फिरवूनच विचारलं, "समदंच ऐकू जाणार?"

"तुम्ही घरात बोलाल ते सगळं."

"आपल्याशीच बोललेलं बी?"

तेवढं पेटीला कळत नाही, असं तमन्नानं कबूल केलं. शालनबाई थोडा वेळ आमटी ढवळत राहिल्या. मग त्यांनी हळूहळू सांगायला सुरुवात केली.

अठरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की हा माणूस आणखी वर्षभर मागावर राहिला तर उरलेले कानही जातील. नवऱ्याला सांगून झालं, रडून झालं, तो ऐकेना. शेवटी त्या एकट्याच मालकाकडे गेल्या, हात जोडले, ह्यांना कामावरून काढा आणि माझं नाव सांगू नका म्हणाल्या. मालक भला माणूस, पण त्याला दुसरं निमित्त सुचलं नाही. तुमच्या कापडात दोष निघतायत, उद्यापासून येऊ नका, असं त्यानं सांगितलं. एकतीस वर्षांत ज्याच्या कापडात कुणी बोट दाखवलं नव्हतं, तो माणूस दोन महिने कॉटवरून उठला नाही. आणि कान तर वर्षाच्या आत गेलेच.

"कान बी गेला आन अब्रू बी गेली. माझ्यापायी," शालनबाई म्हणाल्या. तेव्हापासून त्या नवऱ्याच्या पाठीशी बोलायला लागल्या होत्या. आधी नुसती माफी. मग रोजची सवय लागली, भांडण, काळजी, सासूची गाऱ्हाणी, लाडाचं एखादं, सगळं पाठीला. "पाठीला शंभरदा माफी मागितलीया. तोंडाला एकदा बी न्हाई." कान बसवल्यापासून तेवढी एक गोष्ट त्यांनी दातांखाली धरून ठेवली होती. पण अठरा वर्षांचं सवयीचं तोंड, कधीतरी निसटून जाणारच.

उद्या कान बंद झाला तर पुन्हा चालू होणार नाही, याची तमन्नानं आठवण दिली.

"ठाव हाय. तुम्ही सांगा त्यांस्नी, यंत्रात बसत न्हाई म्हणून." त्यांनी आता वळून पाहिलं. "म्हातारपणी कान मिळाला, आन त्यात पैलं हे वतू? त्यापरीस नसल्याला बरा. काढलीच की एवढी वर्सं."

खोटं सांगणं तमन्नाच्या नियमात बसत नव्हतं आणि जबरदस्तीनं खरं सांगणंही बसत नव्हतं. काही न सुचल्यावर कामातलं माणूस जे करतं तेच तिनं केलं, हातातलं आवरायला घेतलं. चाचणीसाठी बदललेली पेटी पहिल्यासारखी करून ठेवावी म्हणून तिनं पट्टीवर बोट दाबलं.

पडद्यावर एक आकडा आला, एकतीस. मग तीस. मग एकोणतीस.

मघापासून पेटीनं काही टाकलेलं नव्हतं. स्वयंपाकघरातलं वाक्यन् वाक्य रांग लावून उभं होतं, आणि तमन्नानं आत्ता, साठलेलं टाकून द्यायच्या आधीच, दार मोकळं केलं होतं. दारातून बाहेर मुरलीधर दिसत होते. ते खुर्चीत ताठ झाले होते आणि त्यांनी कानावर हात धरला होता.

"मावशी, माझी चूक झाली," तिनं झटकन सांगितलं. आपण आत बोललो ते त्यांना आत्ता ऐकू जातंय. अजून पुढचं सगळं जायचंय, मालकाकडे गेलात तेही. बटण दाबलं तर उरलेलं टाकून देता येईल. "दाबू?"

आकडा बावीसवर आला होता. शालनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या म्हाताऱ्या माणसानं डोळे मिटून घेतले होते, कुणी अंगावरून हात फिरवताना मिटावेत तसे.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या."

एकवीसवर आलेला आकडा पुन्हा बावीस झाला. हे वाक्यही जाऊन रांगेच्या शेवटी बसलं होतं.

दोघी बाहेर येऊन उभ्या राहिल्या. शालनबाई नवऱ्यासमोर तोंड मिटून उभ्या होत्या आणि त्यांचा आवाज त्याच्या कानात बोलत होता. तीन-चार मिनिटं कुणीच हललं नाही. शून्य आलं तेव्हा मुरलीधरांनी डोळे उघडले.

"हे मला ठाव हाय," ते म्हणाले.

"कवापास्नं?"

"त्याच सालापास्नं. गौरी बसायच्या आदल्या दिशी तू पैल्यांदा बोललीस." त्यांनी भिंतीकडच्या शोकेसकडे हात केला. पूर्वी खुर्ची तिच्यासमोर असायची आणि तिच्या काचेत मागचं स्वयंपाकघराचं दार दिसायचं. "तू त्या दारात हुबी ऱ्हाऊन बोलायचीस. आन मी एकतीस वर्सं ओठ वाचल्याला माणूस."

अठरा वर्षं ज्या पाठीला शालनबाई मन मोकळं करत होत्या, त्या पाठीच्या पलीकडे माणूस टक लावून ऐकत बसलेला होता.

"आन एकदा बी बोलला न्हाईसा?"

"हललो असतो तर तू गप झाली असतीस. म्हणून हललो न्हाई." मग डॉक्टरांनी ओठ बघू नका म्हणून सांगितलं आणि त्यांनी खुर्ची फिरवली. वाटलं, आता आवाजच येणार, काच कशाला हवी. आणि काहीच आलं नाही.

"एक डाव वळून बघायचं हुतंसा की."

"भ्या वाटलं," मुरलीधर म्हणाले. "बघितलं आन खरंच तुझं ओठ मिटल्यालं दिसलं, तर मग काय करायचं?"

शालनबाईंना रडू आलं, आणि ते पुरतं ओसरायच्या आत त्यांना दुसरंच काही आठवलं. "म्हंजे तुमच्या आईला बोलल्यालं समदं?"

"समदं."

"आन मागल्या दिवाळीत तुमास्नी बोलल्यालं?"

"ते तर दोनदा बोललीस," मुरलीधर म्हणाले. शालनबाईंनी तमन्नाच्या हातातून पट्टी ओढून घेतली आणि संमतीच्या जागी बोट टेकवलं.

आवाज शिकवायला पाच मिनिटांचं बोलणं लागतं. त्यांनी आमटीची कृती सांगितली. तमन्नानं नोंद पक्की केली, बंद करण्याचा अर्ज उघडला आणि त्यावर 'मागे घेतला' अशी खूण केली. मुरलीधरांनी तोवर खुर्ची उचलून पुन्हा शोकेससमोर नेऊन ठेवली होती. बॅटरी दिवेलागणीला संपली तर संपू दे म्हणाले, पुढचं काचेत बघता येईल.

मग सगळी तयारी झाली आणि घरात शांतता पसरली. अकरा हजार दोनशे चौदा वाक्यं बोलून झालेल्या बाईला आता एकही सुचत नव्हतं. पट्टीवर बॅटरीचा आकडा चौसष्टवरून त्रेसष्टवर आला, मग बासष्टवर. कान सेकंदाला दहा वेळा उठून बघत होता आणि रिकाम्या हातानं थांबत होता. अशा वेळी 'नाहक वापर' असा शेरा मारायचा असतो. तमन्नानं तो रकाना कोरा सोडला.

"बोल की," मुरलीधर म्हणाले.

"काय बोलू? समदं तर ठाव हाय तुमास्नी."

"आत जे बोललीस ते ह्या पोरीला सांगितलंस. आन मला सांगितल्यालं ते मी काचेत बघितलंय." त्यांनी कानावर हात ठेवला. "ऐकलं न्हाई अजून."

शालनबाईंनी पदर खोचला, सोडला, पुन्हा खोचला.

"मग हिकडं बघू नगा," त्या म्हणाल्या. "त्या काचेत बी न्हाई. डोळं मिटा."

मुरलीधरांनी डोळे मिटले. तमन्नानं आपली पिशवी उचलली आणि आवाज न करता दाराकडे निघाली. शालनबाई नवऱ्याच्या पाठीमागं, स्वयंपाकघराच्या दारात, आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. पहिला शब्द त्यांना नीट काढताच आला नाही, घशातच फुटला.

तरीही खुर्चीतल्या माणसानं, अठरा वर्षांत पहिल्यांदा, मान हलवली.